बोर्डावरचं बेट

नांदेड,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मंजुश्री,

सप्रेम नमस्कार. काकांचा गुडघा कसा आहे? अव्वांना नमस्कार सांग असं लिहिणार होतो, पण सांगू नकोस. हे पत्र कुणालाच दाखवू नकोस. तू माझा नंबर ब्लॉक करून टाकलास, म्हणून ऋतुजाच्या हातानं पाठवून राहिलो. कॉलेजातली तीच एक आपल्या दोघांशी अजून बोलते. पत्र न्यायला सांगितलं तर म्हणाली, "सत्या, आता काय नवं कांड केलास?" मी म्हणालो, काही नाही.

मी बरा आहे. दिवाळीला गावी, जळकोटकडं जाऊन आलो. बाबांचं एकच पालुपद, कॉलेज सोडलास ते सोडलास, आता कुठंतरी टिक. टिकलोय. व्यंकटदादाच्या, म्हणजे माझ्या चुलतभावाच्या टूरच्या ऑफिसात बसतो. आमची गिऱ्हाइकं काशी-रामेश्वरची. सोबत आचारी, पीठ, तेलाचे डबे. परवा भामाबाई नावाच्या एक आजी पहिल्यांदा विमानानं निघाल्या, तर सामानात स्टोव्ह. विमानतळावरनं मला फोन, "बाळा, हे लोक माझा स्टोव्ह धरून बसलेत. त्यांना सांग की, रिकामा हाय म्हणून." तू असतीस तर पोट धरून हसली असतीस.

ऑफिसच्या बोर्डावर सगळ्या तीर्थांच्या खाली मी एक नाव रंगवून घेतलंय. लिटल अंदमान. दादा म्हणाला, "हे कुठं आलं बे? तिथं कोणता देव हाय?" मी म्हणालो, असू दे की. नेटवर पण टाकलं. वर्षभरात एकानं विचारलं नाही.

गुरुवारी एकजण आला. उदगीरचा, आडत दुकान आहे म्हणाला. त्याला लिटल अंदमानच पाहिजे होतं. लातूरच्या टूरवाल्यांनी त्याला सांगितलं होतं, तिकडं कोणी जात नाही, सगळे जातात त्या हॅवलॉक बेटावर जा. त्यानं शोधत शोधत आम्हाला गाठलं. नाव विचारलं तर गुरुलिंग.

तुमची लग्नपत्रिका मी ऋतुजाच्या मोबाइलवर बघितली होती. त्यामुळं आडनाव विचारायची गरज पडली नाही.

तेव्हाच उठून दादाला खुर्ची द्यायला पाहिजे होती. नाही उठलो.

तो म्हणाला, "हॅवलॉक नको. आमच्या गल्लीतले चार जोडपे जाऊन आलेत. चौघांचे फोटो सारखेच, फक्त तोंडं येगळी. आमची होणारी मंडळी म्हणली, लिटल अंदमानला जाऊ."

मंजू, ते नाव तू त्याला कशाला सांगितलंस? कँटीनमध्ये माझ्या मोबाइलवर ते बेट मोठं करून करून बघायचो आपण. लातूरचा एक पण माणूस भेटणार नाही अशी जागा पाहिजे, हे तुझंच बोलणं. तीन दिवस हेच डोक्यात. तू मला काही सांगू बघत होतीस का? की तुला नुसतं ते बेट बघायचंय, सोबत कोणी का असेना? दुसरंच खरं असणार. बेट काय माझ्या सातबाऱ्यावर नाही. पण हे आज सुचतंय. गुरुवारी डोकं भणाणलं होतं.

तरी कामाला लागलो. त्याला स्कूटर घेऊन बेटाला पूर्ण चक्कर मारायची होती. मी सांगितलं, तशी चक्कर होत नाही. रस्ता एकाच कडेनं आहे. बाकी जंगल, तिथल्या मूळच्या लोकांचं, आपल्याला जायला बंदी. हट बे बंदरात उतरा, किनारा बघा, धबधबा बघा, जिथं मगरीची पाटी असेल तिथं पाण्यात पाय घालू नका. तो सगळं ऐकत होता आणि मधेमधे विचारत होता, "मंडळींना झेपंल ना?" मला तो माणूस वाईट निघायला पाहिजे होता. निघाला नाही.

मग बोटीचं आलं. त्यानं सकाळची बोट धरली, म्हणजे दिवसाउजेडी समुद्र दिसेल.

मी म्हणालो, "सकाळची नको. पूजा झाल्याबिगर त्या चहासुद्धा घेत न्हाईत. घाईत पूजा राहिली की दिवसभर उपाशी. वरनं बोटीत चक्कर."

त्यानं मोबाइल खाली ठेवला. "कोण?"

"वहिनी."

"तुम्हाला कोण सांगितलं?"

"लिंगायताच्या घरात असतंच की."

"आमच्या घरात न्हाई. माझ्या दोन बहिणी हायेत. गळ्यात लिंग हाय, पण रोज हातावर घेऊन पूजा करणारी एक न्हाई. तुम्ही लिंगायत का?"

"न्हाई. मराठा."

"मंग?"

होस्टेलच्या कोपऱ्यावरचा तो चहावाला डोळ्यापुढं आला. मी दोन कप घेऊन उभा राहायचो, तू कपाळाला विभूती लावून यायचीस, तोवर तुझा कप थंड. दोन वर्षं थंड चहा प्यालीस, कधी कुरकुर केली नाहीस. हे त्याला कसं सांगणार? मी एवढंच म्हणालो, की एका कॉलेजात होतो. तो "बरं" म्हणाला आणि बुकिंग न करताच गेला. मंगळवारी लातुरात तुमचा बस्ता आहे म्हणाला.

इथंच पत्र संपवणार होतो. तुला सावध केलं, काम झालं. पण संपत नाही.

तो "बरं" म्हणून गेला नाही, मंजू. त्यानं आणखी एक विचारलं. उभा राहून, अगदी हळू, म्हणजे दादाला ऐकू जाऊ नये म्हणून. "एका कॉलेजात होते, येवढंच ना?" मी "हाव" म्हणालो असतो तर विषय मिटला होता. त्याला पण तेच ऐकायचं होतं.

मी म्हणालो, "तिलाच विचारा." आणि हसलो.

शब्दांत काही नाही. जे केलं ते त्या हसण्यानं. त्या घडीला मला तुमचं लग्न मोडायला पाहिजे होतं. त्याचा चेहरा उतरलेला बघून बरं वाटलं. जिना उतरून तो रस्त्याला लागेपर्यंत बरं वाटत होतं. मग नाही.

काल उदगीरच्या गाडीत जाऊन बसलो. त्याला गाठून सांगणार होतो, की मुलगी एक नंबर आहे, मीच एकतर्फी वेडा होतो. कंडक्टर आला, "कुठं?" आणि मला ते पोरगं आठवलं. तुझ्यावरनं काहीतरी बोललं म्हणून मी भर वर्गात ज्याच्या कानाखाली काढली होती. कॉलेजवाले माफी लिहून दे म्हणाले, नाही दिली, कॉलेज सोडलं. तू तेव्हा म्हणाली होतीस, "सत्यम, मारायच्या आधी मला एकदा विचारलं असतंस तर? वर्षभर मला त्याच वर्गात बसायचंय." तेव्हा वाटलं, हिला माझी किंमत नाही. काल गाडीत कळलं. मी पुन्हा तुला न विचारताच निघालो होतो. आणि एकतर्फी म्हणणं तर खोटं होतं. की नव्हतं? ते पण तूच सांगू शकतेस.

कंडक्टरला म्हणालो, "कुठं न्हाई." तो म्हणाला, "मंग जागा कशाला अडवलीस रे?" उतरलो.

तर मंगळवारी साड्यांच्या ढिगापाशी नाहीतर बाहेर चहाला तो तुला विचारेल. काय सांगायचं ते मी शिकवणार नाही. आधी एक पान भरून शिकवलं होतं, ते फाडलं. खरं सांगितलंस तर त्याला पेलेल असं मला वाटतं. कमी सांगितलंस तरी माझ्याकडनं एक शब्द जाणार नाही. दादाला मी सांगितलंय, उदगीरचं गिऱ्हाईक परत आलं तर तूच बस, मी समोर येणार नाही. दादानं कारण विचारलं नाही, नुसतं "गधड्या" म्हणाला.

चांगलं दिसावं म्हणून लिहू शकलो असतो, की तुझं लग्न सुखानं होवो. पण मोडलं तर मला आनंद होईल. तेवढा वाईट मी अजून आहे. आणि माझ्यामुळं मोडलं तर तुझ्यासमोर कधी उभा राहू शकणार नाही, हे पण तेवढंच खरं. दोन्ही एकाच डोक्यात घेऊन बसलोय.

मंगळवारी दिवसभर फोन बंद ठेवणार आहे. तू करशील म्हणून नाही. चालू ठेवला आणि नाही आला, तर ते सहन होणार नाही.

सत्यम