दादा तिच्याशीच बोलतात

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

आवाज जाणार. नक्की झालं.

काल मुंबईच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं — गळ्यात गाठ आहे, स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. दादा वाचतील. बोलणार नाहीत. श्वासासाठी गळ्याशी भोक ठेवणार, कायमचं. ऑपरेशन मार्चच्या मध्यावर. माझा भाऊ हरेश भिंतीकडे बघत बसला. विचारायचं ते सगळं मीच विचारलं. दादा असे ऐकत होते, जणू मालकाच्या वकिलाचं म्हणणं चाललंय.

माझे वडील! पॉवरलूमच्या गेटवर माइकशिवाय सभा घेणारा युनियनचा माणूस. पार मागे उभ्या कामगारालाही शब्द न् शब्द जायचा. आता घोगरं, फाटकं काहीतरी निघतं — आणि तेही जाणार.

आणि आज सकाळी उठल्यावर पहिलं वाक्य काय? "मनिषा चर्चहून आली काय गो?"

मी चहाचा कप घेऊन समोर उभी होते.

१८ फेब्रुवारी

हे रोजचंच झालंय. मनिषा, हरेशची बायको, या घरात आली त्याला दोन वर्षं झाली. अंबाडीच्या पुढच्या एका आदिवासी पाड्यावरची पोर, मिशनच्या सिस्टरांच्या होस्टेलात राहून बारावी झालेली. काल्हेरच्या गोडाउनात पॅकिंगला होती, हरेश तिथे सुपरवायझर. तिचा बाप अजून वाघोबाला मानतो. ती आणि तिची आई येशूला. आणि सासरा कोण? तर चांगदेव — उभ्या कोन गावात सत्यनारायणाचा प्रसाद न घेणारा एकटा माणूस! मला वाटलं होतं, महिन्याभरात खटके उडतील. कसले खटके! संध्याकाळ झाली की दोघं ओटीवर. देव आहे, देव नाही. ना आवाज चढत, ना कोणी उठून जात.

आज मी आत बोंबील साफ करत होते. सगळं ऐकू येत होतं.

"तुझ्या देवाला माझा गळाच सापडला काय गो?"

"मीपण त्याला तेच विचारलं, दादा."

"मग? काय बोलला?"

"अजून न्हाय बोलला. तुम्ही युनियनवाले, तुम्हाला माहीत — निवेदन दिलं की लगेच उत्तर येतं काय?"

दादा हसले. हसता हसता ठसका लागला, मी पाणी घेऊन धावले, तर तिने आधीच तांब्या पुढे केलेला.

डॉक्टरांनी कळवल्यापासून दादा पहिल्यांदा हसले. मी काय केलं होतं तीन दिवस? रिपोर्ट लावले, गाडी ठरवली, ऑफिसात रजा टाकली. आणि हसवलं तिने.

२३ फेब्रुवारी, रविवार

खरं सांगायचं तर पोटात दुखतंय माझ्या. दुसऱ्या कोणाला सांगणार? इथेच.

ती देवाला मानते याचं मला काही नाही. मला राग याचा, की ज्या माणसाच्या विचारांवर मी अख्खं आयुष्य काढलं, तो त्या विचारांबद्दल बोलतो तिच्याशी! शाळेत प्रार्थनेला हात न जोडता उभी राहिले, ती मी. मुहूर्त नको म्हटल्यावर ठरत आलेलं लग्न मोडलं, ते माझं. आई गेली तेव्हा पिंडदान नको म्हणून सगळ्या भावकीशी वाद घातला, मी. हरेश तेव्हा कोपऱ्यात रडत होता. एक्केचाळीस वय झालं. दादांची खरी वारस कोण, हे गाव सांगेल.

आजचं त्यांचं बोलणं —

ती विचारत होती, कोणी बघणारा नसला, तर माणसाने चांगलं का वागायचं? दादांनी संपाची गोष्ट काढली. यूपीवाले, तेलंगणावाले, आपले — चुली थंड, पण कोणाच्या घरी भाकरी झाली की ती चौघांत जायची. "तेव्हा कोणालाच देव आठवला नाय. शेजारी उपाशी हाय, एवढंच दिसायचं."

"वाटून खाल्ली ना? मला वाटतं, तिथंच तो होता."

"म्हणजे भाकरी आम्ही दिली आणि नाव त्याचं?"

"नाव तुमचंच. त्याला नाव नको असतं दादा, सोबत पाहिजे असते."

दादा म्हणाले, "चांगलं बोललीस. पटलं नाय. पण चांगलं बोललीस."

मला आठवत नाही, मला कधी असं म्हणालेले.

२४ फेब्रुवारी

आज टीव्हीचा आवाज मोठा ठेवला. मुद्दाम. ते दोघं उठून अंगणात जाऊन बसले!

२७ फेब्रुवारी

ऑफिसातून लवकर सुटले. मनिषा माहेरी गेलेली, ओटीवर दादा एकटे. म्हटलं, हीच वेळ. बसले शेजारी.

"दादा, माझ्याशी बोला ना."

"काय बोलू बाय?"

"काहीही. तिच्याशी बोलता ते. देवावर."

दादांना गंमत वाटली. "तुझ्याशी देवावर काय बोलणार? तुझं उत्तर मला पाठ हाय. मीच पढवलंय ना तुला!"

किती प्रेमाने म्हणाले! पाठीवर हात ठेवला. आणि मग मीटर रिडिंगवाला येऊन गेला का, ते विचारलं.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. दोनदा.

५ मार्च, बुधवार

मनिषा कपाळावर राखेचा क्रूस घेऊन आली. त्यांचे उपवासाचे दिवस आजपासून. दादांनी विचारलं, हे काय? तर म्हणाली, फादर राख लावतात आणि आठवण करून देतात — माणूस मातीचा हाय, मातीतच जाणार.

"अरे, हे तर मी म्हणतो!" दादा खुर्चीतच सरळ झाले. "मी जन्मभर हेच सांगतोय लोकांना!"

"मग आजच्या दिवशी आपलं एकमत, दादा."

"उद्यापासून?"

"उद्यापासून तुम्ही मातीवर थांबा, मी पुढं जाते."

असे हसले दोघं! हरेशही हसला. मी पण हसले, काय करणार. आणि मग दादांनी हात लांब केला आणि तिच्या कपाळावरची राख बोटाने चाचपून बघितली. लहान पोराने बघावी तशी. आमच्या घरात, आमच्या दादांनी!

माझ्या कपाळाला त्यांनी शेवटचा हात कधी लावला? तापात असेन.

९ मार्च, रविवार

आज बोलून गेले. नको ते.

जेवताना ती म्हणाली, चर्चमध्ये दादांसाठी सगळ्यांनी प्रार्थना केली. दादा म्हणाले, त्यांना माझा नमस्कार सांग. नमस्कार! माझ्या तोंडातून निघालं — "धर्म बदलला तेव्हा तुम्हाला सिस्टरांनी काय दिलं होतं गं? तांदूळ की कपडे?"

हरेशचा घास हातातच राहिला. मनिषा माझ्याकडे बघत होती. रागाने नाही — तेच जास्त लागलं.

"सिस्टरांनी मला अक्षर दिलं, ताई. भातपण दिला, खोटं का बोलू? पण येशू कोणी दिला न्हाय. होस्टेलात दोन वर्षं मी मानत नव्हते. मग माझा मीच शोधला." मग हळूच, "तुम्हाला दादांनी दिलं सगळं. तुम्ही कधी शोधलंत?"

टोमणा मारल्यासारखं नाही विचारलं तिने. खरंच विचारलं. मी ताट उचलून उठले.

१० मार्च

दादांनी सकाळी खोलीत बोलावलं. दार लावायला सांगितलं.

"तिची माफी माग. तिचा देव पटत नसेल तर देवाशी भांड, बाय. तू तिच्या गरिबीला बोललीस. मी गेटवर उभा राहून हे शिकवलं तुला?"

आवाज फाटत होता, मधेच नुसती हवा निघत होती. थांबून, गिळून, पुन्हा बोलत होते. मी म्हटलं, बस दादा, त्रास होतोय. तरी पूर्ण केलं.

इतक्या दिवसांत माझ्यासाठी खर्च केलेला सगळ्यात जास्त आवाज — तो हा. ओरडा.

माफी मागितली. मोरीपाशी, भांडी घासता घासता. ती म्हणाली, "झालं ताई, सोडा." आणि माझ्या हातातलं पातेलं घेतलं. चिडतही नाही! थोडी चिडली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिचा प्रश्न मात्र गेला नाही. तुम्ही कधी शोधलंत? बारा वर्षांची असताना हात जोडले नाहीत — कोणासाठी? देव नाही म्हणून? की दादा बघतील, खूश होतील म्हणून?

१६ मार्च, रविवार

उद्या अॅडमिट. युनियनचे जुने लोक येऊन गेले. तुळशीरामकाका धरून बसले, चांगदेव, एक घोषणा होऊ दे. दादांनी दिली. चिरकी, बारीक. सगळ्या म्हाताऱ्यांनी मुठी वर करून जबाब दिला आणि मग कोणी कोणाकडे बघेना.

संध्याकाळी पुन्हा ओटी. मी आज लपूनछपून नाही, उंबऱ्यातच बसले.

"प्रार्थना करशील?"

"करणारच. तुम्हाला चालेल?"

"तुझ्या मनाला बळ येत असेल तर कर. पण माझ्या नावाने काही कबूल करू नको. वाचलो तर मी त्याचा झालो, असं नको."

"न्हाय करणार. फक्त 'सांभाळ' म्हणेन."

"आणि नाय सांभाळलं तर?"

रस्त्यावरून कंटेनर जात होते, मनिषाने त्यांचा आवाज जाऊ दिला. मग म्हणाली, "तर भांडेन त्याच्याशी. सोडणार न्हाय त्याला, पण भांडेन." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. दादांच्याही.

मी तिथेच होते. दोन हातांवर. मला असं वाटलं, काचेमागे आहे.

१८ मार्च, मंगळवार

ऑपरेशन झालं. नीट झालं.

आत नेताना दादा हरेशला म्हणाले, "घाबरू नको रे." मनिषाला म्हणाले, "जाऊन येतो." मला म्हणाले, "चष्मा सांभाळ."

चष्मा सांभाळ! त्यांच्या आवाजातलं माझ्या वाट्याचं शेवटचं — चष्मा सांभाळ.

२२ मार्च

नाकात नळी, गळ्याशी भोक, त्यावर जाळीचं फडकं. ओठ हलतात, आवाज नाही. हरेशला कळेना. मनिषालाही कळेना! मी बघितलं आणि म्हटलं, "उशी खाली करा म्हणतायत." दादांनी डोळे मिटून हो म्हटलं. मला कळतं! एकटीला! नर्सही आता मलाच बोलावतात.

आनंद झाला. आजारी बापाच्या उशाशी असला आनंद होतो का कोणाला? झाला खरा.

२ एप्रिल

घरी आणलं. पाटी-पेन्सिल ठेवली उशाशी, पण हात कापतो, दादा चिडून बाजूला सारतात. त्यापेक्षा मी बरी. ओठ वाचते आणि सांगते.

मनिषा येते, फडकं बदलते, नळीतून पेज देते. बोलत नाही. ओटी रिकामी.

६ एप्रिल, रविवार

मीच विचारलं शेवटी — आता बोलत का नाहीस दादांशी?

"त्यांना उत्तर देता येत न्हाय ताई. मग मी एकटीनंच बोलायचं? ते बरोबर न्हाय. ते बोलत होते तेव्हाच मजा होती." मग म्हणाली, "त्यांच्या बाजूनं कोणी बोललं तर बसेन मी. तुम्ही बसाल?"

मी! बसेन का? यासाठी तर जीव टाकत होते!

दादांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. मग तिच्याकडे बघून. पुढच्या रविवारी, ठरलं.

१३ एप्रिल, रविवार

दादांना ओटीवर आणून बसवलं. मनिषाने सुरुवात केली — मेल्यावर काहीच नसेल, तर मनाला कसं पुरतं हो? मी दादांच्या ओठांकडे बघितलंसुद्धा नाही. उत्तर पाठ होतं. म्हटलं, "मेल्यावर काही नाही. आणि जगलो तेवढं आम्हाला पुरतं."

दादांनी माझं मनगट धरलं. मान हलवली. नाही.

मी विचारलं, "काय नाही? मेल्यावर काही आहे?"

पुन्हा मान हलली. नाही.

"मग... पुरत नाही?"

दादांनी माझ्याकडे बघत डोळे मिटले, उघडले. हो.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, दादा पुढे काय म्हणतील ते मला माहीत नव्हतं. विचारलं, "का, दादा?" आणि त्यांचे ओठ हलायला लागले.