समुद्राकडची दोरी

शनिवार, २३ नोव्हेंबर. अष्टमी.

आले एकदाची! नालासोपाऱ्याहून रिक्षाने पाऊण तास, त्यात रिक्षावाल्याने दोनदा विचारलं, एवढ्या पुस्तकांचं करणार काय मावशी? राजोडीच्या पुढची ही वाडी म्हणजे जेमतेम चाळीस घरं, चर्च, सुरूची झाडं आणि समुद्र. पुढच्या वर्षी चर्चला शंभर वर्षं होतायत, त्यानिमित्त गावाच्या इतिहासाची पुस्तिका काढायची आहे. तीस वर्षं ग्रंथालयात दुसऱ्यांच्या पुस्तकांवरची धूळ झटकली, आता एक स्वतःचं होऊन जाऊ दे.

खोली थेरेसाबायच्या घराच्या मागच्या अंगाला. दार उघडलं की छोटं अंगण, लाकडी फाटक, पलीकडे वाळू. थेरेसाबाय सत्तरीच्या. नवरा पास्कल बोटीवर गेला तो परत आलाच नाही, त्याला बावीस वर्षं झाली. आल्या आल्या त्यांनी बोंबलाचं कालवण समोर ठेवलं आणि मी दोन वेळचं एकदम जेवले.

एक गंमत. समुद्राचा एवढा भन्नाट वारा, पण वाडीतल्या कपड्यांच्या दोऱ्या सगळ्या रस्त्याच्या बाजूला. बनियन, पायजमे, सगळं येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर. मी आपली मागच्या अंगणात दोरी बांधली. थेरेसाबाय म्हणाल्या, “बाय, साडी घाल, चालल. पुरुसमानसाचा कपडा पान्याकडं नको.” मी म्हटलं, माझ्याकडे कुठला आलाय पुरुष! दोघी हसलो.

खोटं बोलले. पिशवीच्या तळाशी सिद्धेशचा शर्ट आहे.

रविवार, २४. नवमी.

चर्चमधली दफनाची जुनी वही पाहिली. नाव, वय, तारीख, आणि काही नावांपुढे एकच शब्द: ‘कपडे’. थेरेसाबायना विचारलं. समुद्राने ज्याला परत दिलं नाही, त्याचे कपडे इथे वर्षाच्या आत पेटीत घालून पुरतात. पास्कलचाही शर्टच पुरलाय. आणि नाही पुरले तर? तर तो भरतीबरोबर कपडे शोधत येतो, असं त्या भाजी निवडता निवडता म्हणाल्या. म्हणून दोऱ्या रस्त्याकडे.

हे सगळं मी सुवाच्य अक्षरात टिपून घेतलं. मग वही मिटली आणि पिशवीच्या तळाचा शर्ट बाहेर काढला.

पुस्तिका हे निमित्त आहे. तीन वर्षांपूर्वी याच किनाऱ्यावर माझा सिद्धेश मित्रांबरोबर पोहायला उतरला. बावीस वर्षांचा होता. सापडला नाही. श्रीरंगने, माझ्या नवऱ्याने, गुरुजींना बोलावून दर्भाच्या पुतळ्याला अग्नी द्यायचं ठरवलं, तेव्हा मी पाटावरून उठून गेले. गवताला माझा मुलगा कशी म्हणू? तेव्हापासून आम्ही दोघं एकाच घरात पाहुण्यांसारखे राहतो.

सोमवार, २५. दशमी.

सकाळी साडेसातला भरती. थेरेसाबाय चर्चात गेल्यावर शर्ट दोरीवर घातला. निळ्या चौकड्यांचा, तिसरं बटण पांढरं. ते मी लावलं तेव्हा किती कुरकुरला होता, आई, कॉलेजात हसतील म्हणून.

वेडेपणा आहे, कळतं मला. पण तो शोधत येत असेल तर येऊ दे ना. लहानपणी समुद्रावरून आला की वाळूचे पाय घेऊन घरात यायचा नाही. मी एकदाच ओरडले होते. बाकीची पोरं धाडधाड आत घुसायची, हा मात्र उंबऱ्याबाहेर उभा, मी पाय धुवायला तांब्या घेऊन येईपर्यंत. मग धुतलेले पाय माझ्याच पदराला पुसायचा.

मंगळवार, २६. एकादशी.

सव्वाआठला भरती. काल कडकडीत वाळलेला शर्ट आज ओला. जिभेला लावून पाहिला, खारट. खिशात वाळू. सगळी बटणं लावलेली. अंगणात बसून खूप रडले आणि मग एकादशीची आठवण न होता पोटभर जेवले.

बुधवार, २७.

नऊला भरती. फाटकापासून दोरीपर्यंत ओली पावलं, आणि परत. मी त्यांच्यावर हात ठेवला.

सिद्धेशचे तळवे सपाट होते, फरशीवर अख्खा पाय उमटायचा. ही पावलं मध्ये तुटलेली आहेत. ओल्या वाळूत असं होत असेल. होतच असेल.

गुरुवार, २८.

पावणेदहा. शर्ट नाही. चिमटे दोरीला पुन्हा नीट लावलेले.

थेरेसाबायना कळलं. त्या ओरडल्या नाहीत, शेजारी बसल्या आणि माझा हात धरला. म्हणाल्या, बोलावलं एकाला तरी येतात सगळे, ज्यांचे कपडे कुणी पुरलेच नाहीत ते. पास्कल गेला त्या साली त्यांनीही त्याची लुंगी चोरून मागे वाळत घातली होती. आला तो पास्कल नव्हता. दार उघडलं नाही म्हणून त्या जिवंत आहेत. रविवारी चर्चातली मिस्सा झाल्यावर सिद्धेशचं दुसरं काही तरी पुरू, पास्कलच्या शेजारी जागा आहे, फादरना मी सांगते म्हणाल्या.

श्रीरंगला फोन केला. दुसरा शर्ट घेऊन येतो म्हणाला. मग बराच वेळ आम्ही दोघं फोनवर नुसते रडत होतो. तीन वर्षांत पहिल्यांदाच.

शुक्रवार, २९.

साडेदहा. पाणी फाटकाला लागलं. पावलं सात जणांची, की आठ. दारापर्यंत. एकही सपाट नाही.

बाहेरून आई म्हणाले. सगळे. एकामागून एक —

शनिवार, ३०.

थेरेसाबाय म्हणतात, पुढच्या घरात ये. गेले नाही. उद्या पाणी सगळ्यात वर येईल. एकदाच बघते, बस.

सव्वाअकराला दार वाजलं. फटीतून पांढरं बटण दिसलं. आवाज सिद्धूचाच, थंडी वाजते म्हणाला. कडीवर हात गेला — मग खाली पाहिलं. वाळूचे पाय, आणि सरळ उंबऱ्यावर चढलेले.

कडी सोडली. माझा मुलगा असा आत येत नाही.

रविवार, १ डिसेंबर. अमावास्या.

दुपारचे बारा वाजत आले. सगळी वाडी मिस्सेला. श्रीरंग रिक्षात आहे, वीस मिनिटांत पोचतो. दार उघडू नकोस म्हणाला. नाही उघडणार. शपथ.

अंगणात पाणी. ते सगळे दाराशी — आई — आई —

फाटकाबाहेर एक जण उभा आहे. अंगात काही नाही. बाकीचे आत घुसले, हा तिथेच —

हात हलवतोय. नको म्हणतोय. उघडू नकोस म्हणतोय.

सिद्धू.

किती काकडतोय. तीन वर्षं असाच उभा असेल, तांब्याची वाट बघत, आणि मी —

श्रीरंग, थेरेसाबाय, मला माफ करा. तांब्या भरून घेतलाय. एवढे त्याचे पाय धुते आणि लगेच दार —