आठ-एक्केचाळीस की अकरा-एक्केचाळीस

१ जानेवारी २००१, सोमवार
नवीन वर्ष. राग करायचा नाही. वृषालीचा विचार फक्त गाडी चालवताना करायचा. कॉलेज सोडल्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. ऑटोमोबाइल डिप्लोमाची दीड वर्षं झाली होती, म्हणजे कामाचं सगळं झालंच होतं. प्राचार्यांच्या केबिनचं दार मी जरा जोरात लावलं हे खरं, पण काच आधीपासून सैल होती.

संध्याकाळी साळूआत्याचा निरोप आला, एसटीच्या कंडक्टरकडून. आत्या म्हणजे अण्णांची मानलेली बहीण, घाटघरला एकटी असते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकवीस तारखेला जुन्नरला शिबिर हाय, अमृतला म्हणावं पहाटेच गाडी घिऊन ये. आठच्या आत नाव लागलं तरच ऑपरेशन, आणि पहिली एसटी त्यानंतर पोचते. जाणार. प्रश्नच नाही. कॉलेज सोडलं तेव्हा तिच्याकडंच लपलो होतो. आठवडाभर तांदळाच्या भाकरी खाल्ल्या आणि तिनं अण्णांना कळू दिलं नाही.

४ जानेवारी
वृषाली खोडद फाट्यावर उभी होती. मी जीप थांबवली. ती मागून आलेल्या आदेशच्या जीपमध्ये बसली. तोही माझ्यासारखाच नारायणगावपर्यंत प्रवासी नेतो.

नारायणगाव स्टँडवर तिला कारण विचारलं. शांतपणे विचारलं. रसवंतीवाला म्हणतो त्याला आतपर्यंत ऐकू आलं, पण त्याला सवय आहे वाढवून सांगायची. ती म्हणाली, तुमच्या गाडीनं माझा पहिला तास बुडतो. आदेशची गाडी पळते.

ज्या जीपच्या मागं वीतभर अक्षरात ‘टर्बो’ लिहिलंय, तिच्याबद्दल हे बोलणं. आदेशच्या जीपला टर्बो नाही. नुसता टेप आहे.

५ जानेवारी
जुन्नरला चांदभाईच्या गॅरेजवर. त्यानं खाली वाकून बघितलं आणि म्हणाला, तुमच्या डिफरन्शियलमदी आठ-एक्केचाळीस हाय. म्हणजे मागच्या चाकांच्या मधल्या पेटीत आठ दात्यांचं पिनियन एक्केचाळीस दात्यांचा क्राऊन फिरवतं. गाडी ओढते लई, पळत न्हाई. फळीवर अकरा-एक्केचाळीसचा सेट पडलाय म्हणे. तो लावला की पळंल, पण ओढायचं नाव नको.

तू असतास तर काय लावलं असतंस, असं विचारलं. तो म्हणाला, अमृतभाऊ, गाडी तुमची, पोरगी तुमची, आपण फक्त नट खोलणार.

पोरीचं याला कसं कळलं?

६ जानेवारी
गणित केलं. इंजिन तेवढंच फिरवलं तर आता जिथं पन्नास, तिथं अडुसष्ट. आणि ओढायचं म्हणाल तर टर्बो कशाला आहे? ओढायचं काम टर्बोनं करायचं, पळायचं काम क्राऊन-पिनियननं. इतकं सोपं असून तालुक्यात कुणाला सुचलं नाही.

चांदभाई म्हणाला, मग नऊ-एक्केचाळीस लावा ना राव, मधलं हाय, शोधून आणतो. मी सांगितलं, मी मधलं काही करत नसतो. कॉलेज मधेच सोडलं ते वेगळं.

१९ जानेवारी, शुक्रवार
जीप गॅरेजला टाकली. उद्या संध्याकाळी मिळणार. परवा पहाटे घाटघर. सगळं बसवलंय डोक्यात.

२० जानेवारी, रात्री
पुण्याहून बेअरिंग आलं नाही. जीपचा मागचा भाग लाकडी ठोकळ्यांवर. चांदभाईवर ओरडलो. त्यानं चहा मागवला. अशा माणसावर रागावता येत नाही, आणि तोच मोठा त्रास आहे.

जुनाच सेट परत टाकून रातोरात गाडी उभी करता आली असती. तो म्हणालाही तसं. पण मग सोमवारी पुन्हा खोलायची. दोनदा काम करण्यात अर्थ नाही.

२१ जानेवारी
गेलो नाही. आत्या म्हणे अंधारातच पिशवी घेऊन रस्त्यावर येऊन बसली होती. प्रत्येक आवाजाला उभी राहायची. कंडक्टरनं सांगितलं. हे सांगायची काय गरज होती त्याला?

अण्णांनी विचारलं. सांगितलं, गाडी बंद पडली. हे खोटं नाही. डिफरन्शियल काढलेली गाडी बंदच असते.



२४ जानेवारी
गाडी आली. पहिली फेरी. काटा पन्नासच दाखवतो, पण मैलाचे दगड पटापट मागं. काट्याची केबल गिअरबॉक्सवर असते, त्याला मागचा बदल कळतच नाही. म्हणजे फक्त मला माहीत आहे की मी किती जोरात चाललोय. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या अँटेनासुद्धा भर्रकन मागं गेल्या.

फाट्यावर इतका लवकर पोचलो की वृषाली आलीच नव्हती. थांबलो. मागून एक आजीबाई म्हणाल्या, पावणं, गाडी चालवतो का अंडी उबवतो? शेवटी निघालो. वळणावर आरशात बघितलं तर ती वह्या सावरत पळत येत होती. तिच्यामागं आदेशची जीप.

२५ जानेवारी
आज वेळ जुळवण्यासाठी मुद्दाम हळू आलो. जुळली. बसली. पण मग हळू चालवायची सवय लागलेली, त्यात पुढं उसाची ट्रॉली. तिचा पहिला तास बुडाला.

३ फेब्रुवारी
भरलेली जीप चढाला कुंथते. पहिल्या गिअरमध्येही क्लच जळाल्याचा वास. झालं असं की टर्बो जागा व्हायला आधी इंजिन चांगलं फिरावं लागतं, आणि अकरा-एक्केचाळीसमुळं चढाला ते फिरतच नाही. हे बहुधा पुढच्या सेमिस्टरला होतं.

आत्याला निरोप पाठवला, अठरा फेब्रुवारीच्या शिबिराला नक्की. तिचा उलटा निरोप, न्हाई जमलं तरी चालंल, तुझी कामं असतील. यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१६ फेब्रुवारी
जुना सेट परत लावायचं ठरवून गॅरेजला निघालो. स्टँडवर वृषाली भेटली. स्वतःहून बोलली. त्यांच्या कॉलेजची मुलं शिबिराला मदत करणार आहेत आणि तिच्याकडं घाटघर आलंय. तुमची जीप तिकडं जाणार आहे ना, मी पुढं बसले तर चालेल का?

चालेल का.

गॅरेजला गेलो, पण सेट बदलला नाही. ती पुढं बसणार आणि गाडी रांगणार, हे शक्य नाही. शिवाय जाताना जीप रिकामी. रिकामी जीप चढणारच. चांदभाई म्हणाला, जुन्या सेटला गिऱ्हाईक आलंय, देऊ का? म्हणालो, दे. मागं बघायचं नाही.

१८ फेब्रुवारी, रविवार
घाटघरच्या अलीकडच्या शेवटच्या चढावर थांबली. मागं घेऊन पळवत आणली, तिथंच थांबली. मग धूर. वृषालीनं खाली उतरून चाकामागं दगड लावला आणि म्हणाली, दादा, ब्रेक सोडू नका.

दादा.

मग ती चालत वर गेली. मी ब्रेक दाबून बसलो. बऱ्याच वेळानं दोघी उतरताना दिसल्या. आत्या एका हातानं वृषालीचा खांदा धरून, पाय चाचपत, आणि पिशवी वृषालीच्या डोक्यावर. आत्यानं जीपच्या बाजूला हात फिरवला आणि विचारलं, अमृता, हाय का तू हितं? मी तिच्या अगदी समोर होतो.

उताराला मात्र गाडी सुंदर पळाली. पण जुन्नरला पोचलो तेव्हा नावं बंद झाली होती. मी टेबलावरच्या पोराची कॉलर धरली. आत्यानं माझा हात शोधून सोडवला. म्हणाली, जाऊ दी रं, लई गर्दी हाय, पुढल्या महिन्यात बघू. जीप वर चढणार नव्हती म्हणून तिला परत एसटीत बसवलं. खिडकीतून म्हणाली, गाडी लई गुळगुळीत चालती तुझी.

वृषाली माझ्याशी बोलली नाही. मी पण नाही. आधी कुणी बोलायचं, एवढाच प्रश्न आहे.

२ मार्च
चांदभाईला म्हणालो, आठ-एक्केचाळीस परत लाव. तो म्हणाला, भाऊ, तो तर आदेशच्या जीपमदी बसला की. आदेशनं आता रविवारी घाटघरची लाइन घेतलीये, त्याला ओढणारी गाडी पाहिजे व्हती.

चहा मी अर्धाच प्यायलो.

१८ मार्च
आदेशनं आत्याला नेलं. वेळेत नेलं. वृषाली पुढच्या सीटवर होती, असं कळलं. ऑपरेशन झालं, एका डोळ्याचं.

शांतपणे विचार केला तर त्या जीपला चढावर नेलं कुणी? आमच्या क्राऊन-पिनियननं. म्हणजे एका अर्थानं आत्याला मीच नेलं. हे अण्णांना सांगितलं. ते उठून म्हशींकडं गेले.

२५ मार्च
घाटघरला गेलो, एसटीनं. आत्या काळा चष्मा लावून ओट्यावर बसलेली. तिनं भाकरी वाढली, मीठ-मिरची स्वतः शोधली आणि खूश झाली. मग सहज विचारलं, पहिल्या येळंला गाडी का न्हाई आली रं?

बंद पडली होती, म्हणालो.

इतके दिवस आत्याशी बोलायचं म्हणजे सोपं असायचं. ती आवाजाच्या अंदाजानं बघायची, थोडी बाजूला, माझ्या कानाच्या पलीकडं कुठंतरी. आज तिनं चष्मा वर केला आणि नीट माझ्या तोंडाकडं बघितलं. बघतच राहिली.

मी ताटाकडं बघितलं.

ती म्हणाली, खा, गार व्हती.