ठेवीवरचं दुसरं नाव

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कुरकुरत नसतील, भावजींचा खोकला गेला असेल आणि तो गेल्याचं त्यांनी मान्यही केलं असेल, असं धरून चालतो. मी ठणठणीत आहे (विचारायला कोणी नसलं की तब्येत फार सुधारते).

लिहायचं कारण, परवा माझी बँक बुडाली. म्हणजे बुडाली नाही, पण खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला कोणीतरी तसं सांगितलं, आणि तो धापा टाकत मला सांगायला आला. मी घरातल्या सपाता घालूनच त्याच्याबरोबर निघालो. रांग औषधाच्या दुकानापर्यंत गेलेली. आधी धाबं दणाणलं होतं, खोटं कशाला सांगू. पण हळूहळू बरं वाटायला लागलं. पुढे एक निवृत्त नर्सबाई होत्या, त्यांनी थर्मासमधला चहा दिला. मागच्या चष्मेवाल्याने माझ्या चष्म्याची सैल दांडी उभ्या उभ्या आवळून दिली. मी लिफ्टदुरुस्तीच्या नोकरीतले सगळे किस्से सांगितले, दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या नवरदेवासकट. ही गेल्यापासून एवढं बोललोच नव्हतो गं.

तेवढ्यात शाखेच्या मॅनेजरबाई पायरीवर आल्या आणि त्यांनी सगळा विचका केला. म्हणाल्या, बँक कुठेही जात नाही, आणि गेलीच तरी प्रत्येकाच्या ठेवीला ठराविक रकमेपर्यंत विमा आहे, घरी जा. आणि लोक खरंच गेले. नर्सबाईंनी थर्मासचं झाकण लावलं, शिंपी दुकानाकडे पळाला, आणि अख्ख्या रांगेतला मी एकटा उरलो. घरी जायचं जिवावर आलं होतं, म्हणून विचारलं, "दलालाकडे माझे थोडे शेअर्स आहेत, त्यांचं काय?" बाईंनी आत नेऊन पंख्याखाली बसवलं. दलालानेच दिवाळं काढलं तर संरक्षण असतं, त्यालाही मर्यादा. पण शेअरचा भाव पडला तर त्याला कोणी वाली नाही. (माझे पडतातच. त्यांना दुसरं काही येत नाही.)

मग त्यांनी संगणकात माझं खातं उघडलं. "काका, एक ठेव तुमची एकट्याची होती आणि एक दोघांची. दोन्हींना वेगवेगळा विमा होता. काकू गेल्या, आता दोन्ही तुमच्या एकट्याच्या धरल्या जातात. मर्यादेच्या वरचं सगळं उघडं पडलंय."

"हो, बरंच उघडं पडलंय," मी म्हटलं.

त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. "दुसरं नाव घाला, नाहीतर थोडी रक्कम दुसऱ्या बँकेत ठेवा. कोणी आहे का तुमचं?"

दुसरी बँक तर कोपऱ्यावरच आहे. पण मी तुझं नाव सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं असावं, कारण शिपायाने मान वर करून पाहिलं.

भावजींना नमस्कार.

तुझा
ढब्बू

ता. क. सहीसाठी तुला इथे यावं लागेल. आठवडाभर तरी धरून ये, बँकेची कामं लांबतात. खिडकीजवळच्या पलंगावर धुतलेली चादर घातली आहे.

आणखी एक ता. क. सही तुमच्या गावातल्या शाखेतही चालते, असं बाई मी निघताना म्हणाल्या. मला नीट ऐकू आलं नाही. तुलाही आलं नसेल.