शेजारी उभं राहायचं

मॅडम, तुमची खुर्ची आता माझ्याकडे आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाल्यावर हे सांगतेय, कारण आपल्या फिजिओथेरपिस्ट संघटनेची अध्यक्ष झाल्यापासून माझ्या हाताखालच्या दोन चांगल्या मुली काम सोडून गेल्या. दोघींनी घरची अडचण सांगितली. मीही ती खरी मानली, सोयीची होती म्हणून.

तुमचं कर्वेनगरचं स्वयंपाकघर आठवतं. कमिटीची बैठक तिथेच व्हायची आणि पोह्यांचा कांदा चिरता चिरता तुम्ही कामं वाटायचात. "मांजरी गावचं शिबिर यंदा हिच्याकडे," माझ्याकडे न बघताच म्हणालात. ऊसतोडणी कामगारांच्या पाठदुखीचं शिबिर. कुणी यायचं ते मी ठरवलं, मांडव घातला, चहासुद्धा सांगितला. सकाळी माणसं रांगेत उभी राहिली तेव्हा लक्षात आलं, त्यांना झोपवून तपासायला खाली अंथरायलाच काही नाही. मी धावत तुमच्याकडे येते. तुम्ही झाडाखाली बसलेल्या. "पाठ उभ्यानेच बघणार का?" तुम्हीच विचारता, वर म्हणता, "बघ बाई, नवीन पद्धत असेल." आणि वर्तमानपत्र उघडता. असा राग आला होता तुमचा, की रडूच फुटलं. तशीच देवळात गेले आणि पुजाऱ्यांच्या हातापाया पडून भजनी मंडळाच्या सतरंज्या आणल्या. परतताना तुम्ही एवढंच बोललात, "पेशंट कुबडीशिवाय चालायला लागला की आपण त्याला धरून ठेवतो का? शेजारी उभं राहायचं. हात लावायचा नाही."

पेशंटच्या बाबतीत मी हे कटाक्षाने पाळते. सभासदांना मात्र कडेवर घेऊन फिरते. यंदाचं शिबिर हडपसरच्या एका तरुण मुलीकडे दिलं आणि रोज तिला फोन: हॉल बघितलास का, बॅनर आधी मला दाखव, पाहुण्यांशी मीच बोलते. शेवटी ती म्हणाली, "मॅम, सगळं तुम्हीच फायनल करणार असाल तर मी कशाला हवीय? मला खरंच करायचंय हो. नाहीतर आत्ताच सांगा, मी बाजूला होते." तिसरीही चालली, हे कळलं आणि मी घाबरले. "तुझं तू कर, आता फोन करणार नाही," म्हणाले, आणि मोठ्या मुश्किलीने ते पाळलं.

काल शिबिर झालं. ऐन गर्दीत वीज गेली आणि तिने मागवलेली सगळी यंत्रं बंद पडली. मी खुर्चीतून अर्धी उठले आणि परत बसले. ती हॉलच्या मधोमध उभी राहिली. "लाइट गेली, पाठ तर इथेच आहे ना काका? या, हातांनी करू!" लोक हसले. तिने मुलींना चार कोपरे वाटून दिले आणि सगळ्यांना व्यायाम शिकवूनच घरी पाठवलं. लोक माझं अभिनंदन करत होते. आनंद झाला असं मी प्रत्येकाला सांगितलं, आणि झालाही. पण एवढ्या गोंधळात तिने एकदाही वळून माझ्याकडे पाहिलं नाही, ते मला लागलं.

हे मी कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. वाचलं तर ती उद्यापासून मला विचारून विचारून कामं करेल. आणि मला ते आवडेल.