पाचव्या रूपाची आरोळी

बुधवार, १४ ऑक्टोबर, सकाळ

प्रिय छोट्या,

दादाचा आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालतो. तुझ्या वहिनीचा गुडघा बराच सुधारलाय. जिना चढताना ती आता मला नावं ठेवत नाही, फक्त जिन्याला ठेवते. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू माझं एक वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून. तूही फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

आमच्या डबिंगच्या दिग्दर्शक बाईंचा तुला निरोप आला असेल, नाहीतर आज येईल. शनिवारी स्टुडिओत या म्हणतील. हो म्हणण्याआधी हे पूर्ण वाच.

मालिका संपत आली. मी ज्याला आवाज देतो त्या वादळचं शेवटचं, पाचवं रूपांतर आता डब व्हायचंय. तू आवाज दिलेला भुजंग वादळच्या हातून मेला, तेव्हापासून तू हे कार्टून पाहत नाहीस हे मला ठाऊक आहे. वहिनी म्हणते, भाऊजी त्या मरणाचा राग अजून तुमच्यावर काढतात. चेष्टा करते ती. तू स्टुडिओ सोडून कशाने गेलास ते तुला माहीत आहे. 'दादा, गळ्यातून ओरडतोस, एक दिवस आवाज घालवून बसशील,' असं तू सगळ्यांदेखत म्हणालास, आणि मी म्हणालो, 'वर्गात बसून आवाज शिकलेल्यांनी मला शिकवू नये.' मी टीव्हीसमोर बसून शिकलो, आणि ते मला आजही कमी वाटत नाही.

प्रत्येक रूपाची आरोळी मी वेगळी घडवली, हे तू तरी मान्य करशील. पहिल्या रूपात केस उभे राहतात, तिथे आवाज मिटल्या ओठांआड सुरू होतो. दुसऱ्यात डोळे पांढरे होतात आणि जमीन तडकते, तिथे तो मध्येच फुटतो, कारण पोरगा स्वतःलाच घाबरलेला असतो. तिसऱ्यात शिंगं फुटतात. चौथ्यात अर्धा पशू, म्हणून शेवटी गुरगुर. सगळ्या एका दमात, कुठेही जोड नाही. रेकॉर्डिस्ट नव्या मुलांना ऐकवतो त्या.

आता पाचवं. मी ते चित्र पुढे-मागे करून इतकं पाहिलं की वहिनीने टीव्हीवर चादर टाकायची धमकी दिली. केस खाली बसतात, शिंगं गळतात, डोळे पुन्हा माणसाचे होतात आणि तोंड मिटलेलं आहे. मूळ आवाजात फक्त एक श्वास आहे, बाहेर सोडलेला. सगळी रूपं टाकून देणं हेच त्याचं शेवटचं रूप. तिथे आरोळी घालायची म्हणजे सबंध मालिका खोटी पाडायची.

सोमवारी मी हे बाईंना सांगितलं.

"काका, लोक त्या आरोळीसाठी तर बसलेत," त्या म्हणाल्या. "चॅनलवाले मला फाडून खातील."

"तोंड मिटलंय त्याचं."

"मग मनातली आरोळी समजा!"

"मनातली मनातच राहू दे की."

रेकॉर्डिस्ट हसला. बाई नाही हसल्या. माइक बंद करून हळूच म्हणाल्या, "काका, खरं सांगा. घशाचं काही आहे का?"

मी नाही म्हणालो. महिनाभर आवाज खरखरत होता, तरी नाही म्हणालो.

खाली येऊन गाडीत बसलो. काचा वर केल्या. म्हटलं, आपण आरोळीला भिऊन नाही म्हणतोय की चित्र तसं आहे म्हणून, हे एकदा आपल्याला तरी कळू दे. चौथ्या रूपाची मारली. अर्ध्यावर काहीतरी टचकन तुटल्यासारखं झालं आणि तोंडात रक्ताची चव आली. घरी आलो तर वहिनी विचारतेय, चहा टाकू का, आणि माझे ओठ नुसते हलतायत.

काल घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. स्वरतंतूत रक्त उतरलंय. आता संपूर्ण मौन, कुजबुजसुद्धा नाही. वहिनीने माझ्या वतीने विचारलं, शनिवारी एकच आरोळी मारली तर? डॉक्टर म्हणाले, मारा, पण त्यानंतर बोलायला आवाज उरेल याची हमी मी देणार नाही. वहिनीने ते बाईंना कळवलं, म्हणून तुला बोलावणं.

म्हणजे आता माझ्या म्हणण्यावर कोण विश्वास ठेवणार? म्हातारा ओरडू शकत नाही म्हणून श्वासाचं खूळ काढून बसलाय, असंच म्हणतील. खरं सांगू? रात्रीपासून मलाही खात्री राहिलेली नाही. चित्र तसंच आहे, पण ते पाहणारा मी सोमवारचा उरलेलो नाही.

म्हणून तुला सांगतो. तो प्रसंग आधी आवाज बंद करून बघ, मग आवाज लावून बघ. माझी कीव करून माझी बाजू घेऊ नकोस आणि जुना हिशोब चुकता करायला विरुद्धही जाऊ नकोस. श्वासच पुरे वाटला तर बाईंना स्पष्ट सांग. तुझ्या तोंडून ते त्यांना पटेल, कारण तुझा गळा धड आहे.

आरोळी हवी असं वाटलं तर तूच मार. आपले आवाज इतके सारखे की कुणाला कळणार नाही, मालिकेच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर माझंच राहू दे, असं बाई म्हणतील. ऐकू नकोस. पाटीवर तुझं नाव लागलं पाहिजे. आणि आवाज पोटातून काढ, तू म्हणायचास तसा.

तुझा, आणि चौथ्या रूपापर्यंत वादळचा,
दादा