गादीची कड

मी, खाली सही करणारा, धंद्याने गाद्या आणि खुर्च्या शिवणारा, आता घरी बसलेला, राहणार मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोरचे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकीलबाईंनी सांगितले. मोठा आजार कोणताही नाही. मी फक्त दमलो आहे, आणि आणखी दमण्याआधी हे उरकून टाकावे म्हणतो. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. आभार शेवटी लिहायचे ठेवले तर तोवर हात थकेल, म्हणून आधीच लिहितो. प्रभूने मला बसून करायचे काम दिले आणि उभ्याने सगळे करणारी बायको दिली. कामात डोळे शेवटपर्यंत टिकले. मुले धडधाकट निघाली. ज्यांनी मला काम दिले त्यांचा, आणि ज्यांनी घासाघीस न करता दिले त्यांचा विशेष, मी ऋणी आहे.

२. मला बायकोशेजारी पुरावे. पेटी साधी असावी. उपासना छोटी ठेवावी, कारण मंडळीच्या चर्चमधल्या मागच्या बाकांच्या गाद्या पार दबल्या आहेत आणि लोकांना फार वेळ त्यांवर बसवणे बरे नाही. माझ्या चिरंजीवांनी भाषण करू नये. त्यांनी एखादे गीत निवडले तरी पुष्कळ झाले.

३. शेजारचे चष्मेवाले यांनी आमच्या घरी परकी माणसे उतरतात अशी तक्रार बऱ्याच वेळा वरपर्यंत केली. पुढे त्यांची पत्नी हॉस्पिटलात होती तेव्हा त्यांचा मेहुणा आमच्याच मागच्या खोलीत राहिला. त्यानंतर तक्रार झाली नाही, आभारही मानले नाहीत. माझी लोखंडी शिडी त्यांच्याकडे आहे. ती त्यांना कायमची दिली असे समजावे. मी गेलो तरी ती परत मागावी लागेल ही काळजी आता मला नको.

४. बँकेत जे काही आहे ते सगळे मुलीला. तिच्या आईचे पवित्र शास्त्रही तिलाच. ती लांब राहते आणि फोनवर पहिले वाक्य "बाबा, जेवलात का?" हेच बोलते. आईचा हा प्रश्न तिने न मागता उचलला, म्हणून हेही तिचेच.

५. मुलाला माझे घड्याळ, माझा कोट आणि माझा आशीर्वाद. तो वाईट नाही. मंडळीच्या समितीचा चिटणीस आहे, दयेवर फार चांगले बोलतो, आणि ऐकून लोक खरोखर सुधारतात. त्याला घर का दिले नाही ते पुढच्या कलमात येईल. घरात त्याला त्याच्या बायकोच्या मर्जीने राहता येईल. एरवीही तसेच चालले आहे.

६. घर. यातल्या मागच्या खोलीविषयी थोडे सविस्तर लिहावे लागेल.

आम्ही इथे राहायला आलो त्या वर्षी एक बाई दुपारपासून आमच्या पायरीवर बसून होती. चपला मांडीवर घेतलेल्या. माझ्या बायकोने तिला आत आणले आणि मला म्हणाली, "हिची सासू समोर दाखल आहे. आजचा दिवस राहील." तेव्हापासून ती खोली कधी फार दिवस रिकामी राहिलेली नाही. बायकोचा नियम एकच होता. नाव विचारायचे नाही, धर्म विचारायचा नाही, आजार तर नाहीच नाही. विचारायचे ते जेवण झाले का एवढेच. ती याला सेवा वगैरे म्हणत नसे. झोपताना तिची प्रार्थना मला ऐकू यायची. "प्रभू, उद्या कोणाला पाठवू नकोस, पाय फार दुखतात. पण पाठवलंसच तर उठायचं बळ दे." ती गेल्यापासून ही प्रार्थना मी करतो. पहिले वाक्य मनापासून निघते. दुसऱ्याला जोर लावावा लागतो.

माझा वाटा गादीचा. दरवर्षी मी ती उसवून कापूस पिंजून घ्यायचो. त्या गादीचा मधला भाग नव्यासारखा राहतो आणि खिडकीकडची कड पार बसते. आपले माणूस समोरच्या इमारतीत असले की कोणी आडवे होत नाही. कडेवर बसून खिडकीकडे बघत राहतात. म्हणून मी त्या कडेला दुप्पट कापूस भरून टाके जवळजवळ घालायचो. बायको म्हणायची, "तुमची प्रार्थना दाभणानेच चालते." दुसऱ्या कोणाला मी हे कधी सांगितले नाही.

बायकोनंतर खोली सूनबाईंच्या गळ्यात पडली. सूनबाई कुरकुरतात. कुरकुर हा शब्द सौम्य आहे. "ही काय धर्मशाळा आहे?" "कालच्या काकांनी उशीला किती तेल पुसलंय बघा." "बेल वाजली. आता कोण आलं बाई." त्या हे सगळे बोलत बोलत चादर बदलतात, पण मी धरून चाललो होतो की मला पुरून आल्यावर त्या ती खोली बंद करतील. त्यात त्यांची चूकही नव्हती.

म्हणून समितीचा निरोप आला तेव्हा मी तयार झालो. पाळकसाहेब आले, चिरंजीव कागद घेऊन आले. घर मंडळीच्या नावे करायचे, खोलीला माझ्या बायकोचे नाव द्यायचे, दारावर संगमरवरी फलक, येणाऱ्याने शिफारसपत्र आणायचे, संध्याकाळी ठरल्या वेळी फाटक बंद.

"काका," पाळकसाहेब म्हणाले, "माणसं थकतात. तुमच्यामागे हे काम चालायला हवं ना? समिती थकत नाही."

"आणि चादरी कोण धुणार, समिती?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तू मध्ये बोलू नकोस," चिरंजीव म्हणाले.

"बरं. मग मध्ये येऊन चहाही ठेवत नाही."

पाळकसाहेब सज्जन आहेत, ते हसले. मी त्यांना म्हणालो, आठवड्याने सही करतो. गादी नीट करून द्यावी एवढेच मनात होते. दबलेली गादी दुसऱ्याच्या हवाली करणे माझ्या धंद्यात बसत नाही.

खोली रिकामी होती तेव्हा गादी उलटली. खिडकीकडची कड आधीच भरलेली होती. आत जुन्या गाऊनच्या चिंध्या दाबून घातलेल्या. टाके वाकडे, कुठे लांब, कुठे एकावर एक, शिवणाचा साधा दोरा चारपदरी करून ओढलेला. एका जागी रक्ताचा वाळलेला ठिपका होता. दाभण बोटात गेले की पडतो तसा.

मी सूनबाईंना हाक मारली. "ही कड कोणी शिवली?"

"मीच. खड्डा झाला होता नुसता. माणसाने बसायचं कसं?"

"मला सांगायचं."

"तुम्हाला खाली बसता येतं का? आणि टाक्यांना नावं ठेवू नका, बाबा. मला येत नाही ते."

मी नावे ठेवली नाहीत. कागद सही न करता समितीला परत पाठवला.

सबब हे घर, मागच्या खोलीसह, माझ्या सुनेला पूर्ण मालकी हक्काने देत आहे. खोली चालू ठेवण्याची अट घाला, असे वकीलबाई म्हणाल्या. घालत नाही. खोली बंद व्हावी असे मला वाटत नाही, आणि मृत्युपत्रात खोटे लिहू नये म्हणून तसे लिहून ठेवतो. पण अट घातली तर त्या उद्यापासून माझ्या चाकरीत लागतील, आणि आज त्या कोणाच्याही चाकरीत नाहीत. त्यांना थकवा आला तर त्यांनी खोली बंद करावी. त्यासाठी मी नवे कुलूप आणून कपाटाच्या वरच्या खणात ठेवले आहे. ते लावल्यास माझी तक्रार नाही. त्यांच्या सासूचीही नसेल, हे मी तिला ओळखत असल्याने खात्रीने लिहितो.

७. मोठी कात्री, हातोडी आणि दाभणे सूनबाईंना. कडेचा टाका मी त्यांना रविवारी उपासनेनंतर शिकवणार आहे. त्या नाही म्हणतील, मग शिकतील.

पुरवणी. वरील मजकूर लिहून झाल्यावर, साक्षीदार सहीसाठी बसले असताना, सूनबाई दारात येऊन म्हणाल्या, "बाबा, कपाटातलं नवं कुलूप मी या ताईंना दिलं. वॉर्डातल्या कपाटाला यांच्याकडे कुलूपच नव्हतं. तुम्हाला कशाला हवं होतं का?" मी नाही म्हणालो. "मग लवकर आटपा, जेवण गार होतंय. ताई, तुम्ही आधी चला." तरी कलम ६ मधील कुलूप वगळले आहे असे समजावे. दुसरे आणणार नाही. बाकी मजकूर कायम.

हे सर्व मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली आहे.

सही: मृत्युपत्र करणारा
साक्षीदार पहिल्या: वकीलबाई
साक्षीदार दुसऱ्या: मागच्या खोलीतील ताई. नाव त्यांनी स्वतः लिहिले आहे. आम्ही विचारले नव्हते.

स्थळ: राहते घर, बाहेरच्या खोलीतले टेबल
दिनांक: ११ नोव्हेंबर, जेवणाआधी